बोर्डावर एकतीस

योगितानं चहाचा कप तोंडाशी नेला आणि घोट न घेता तसाच धरून ठेवला. पडद्यावरच्या रांगेत सगळीकडे एकतीसच होता. तिनं रांग वर सरकवली. एकतीस. आणखी वर. एकतीस. जेवणाच्या सुट्टीआधी अठ्ठावीस, तीस, एकोणतीस, पुन्हा तीस असं पाणी हेलकावत होतं. त्यानंतर मात्र कुणी खिळा ठोकावा तसा आकडा एका जागी बसला होता.

"सोमेश्वरदादा, जरा इकडं या."

सोमेश्वर पलीकडच्या टेबलावर तारेला डाग देत होता. केजच्या बाजारात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर त्याची ही एवढी एक खोली. विहिरीवरची मोटार घरबसल्या मोबाइलवरून चालू करायची पेटी बनवून त्यानं धंदा मांडला. पुढं इंजिनिअर झालेली योगिता हाताशी आली आणि दोघांनी नदीकाठच्या गावांसाठी पाण्याची उंची दाखवणारे बोर्ड करायला घेतले. तारा आणि पेट्या त्याच्याकडे, आणि त्यांना अक्कल शिकवणारा प्रोग्राम तिच्याकडे, अशी सरळ वाटणी होती.

"पाणी थांबलं आसंल," तो न उठताच म्हणाला. "चांगलंच हाय की."

"वाहतं पाणी असं थांबत नसतं दादा. नुसत्या वाऱ्यानंसुद्धा एखादा सेंटीमीटर हलतं."

तिनं कप खाली ठेवला. खिडकीबाहेर नुसती भुरभुर होती, पण डोंगराच्या अंगाला आभाळ सकाळपासून काळं होतं आणि आता त्या काळ्यात मधूनमधून उजेड फाटत होता. तिच्या वाडीची नदी त्याच डोंगरातून यायची. आणि नदीच्या मधोमध, बेटावर, या वेळेला तिचे आप्पा मेंढरं घेऊन बसलेले असणार हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

भादव्या-आश्विनात मेंढपाळाला गावात कुणी वाली नसतो. सोयाबीन उभं, कापूस बोंडाला आलेला. एका मेंढीनं बांधावरून तोंड घातलं तरी डोकी फुटायची वेळ येते. म्हणून वाडीतले धनगर पावसाळाभर नदीच्या बेटावर मेंढरं चारत. अलीकडची धार गुडघाभर पाण्याची, कळप सहज पार व्हायचा. पाणी वाढायला लागलं तर मात्र वेळेत निघावं लागे, कारण मेंढी पाण्याला भिते आणि एक अडली की सगळ्या अडतात. आप्पाराव हे आयुष्यभर नजरेनं जोखत आले. पण दोन वर्षांत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि पाणी, वाळू, आभाळ सगळं एकाच दुधाळ रंगाचं झालं. ऑपरेशन दिवाळीनंतर करू, दिवाळीनंतर करू म्हणत होते. तोवर कळप कुणाच्या गळ्यात घालायचा, हा त्यांचा प्रश्न काही सुटत नव्हता.

म्हणून तर पहिला बोर्ड योगितानं स्वतःच्या वाडीला बसवला. वरच्या पुलाखाली पाणी मोजणारं यंत्र, त्याला वाडीतले लोक डोळा म्हणायचे. काठावर बिरोबाच्या देवळाशेजारी उंच खांब, आणि त्यावर बाजेएवढा बोर्ड. आकडे लाल आणि मराठी, कारण आप्पारावांना अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते, तेही मराठीच. चाळीसच्या वर गेला की मेंढरं काढायची, एवढं त्यांनी पाठ केलं होतं. त्या दुधाळ पडद्यातून बाकी काही दिसत नसलं तरी लाल आकडा बेटावरून बरोबर दिसायचा.

योगितानं पडद्यावर दुसरी रांग उघडली. पहिल्या रांगेत बोर्डानं काय लिहिलं ते असायचं, दुसरीत डोळ्यानं खरं काय कळवलं ते. ही दुसरी रांग सहसा कुणी उघडत नसे.

तिथं पासष्ट हजार पाचशे पस्तीस होता. खालपर्यंत तोच.

सोमेश्वर आता तिच्या खुर्चीमागं येऊन उभा होता. त्याच्या श्वासाचा आवाज बदललेला तिला ऐकू आला.

"डोळा गेला," तो म्हणाला. डोळ्याला काहीच दिसेनासं झालं की तो हा आकडा पाठवतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. "एक तर तार तुटली. न्हाईतर एखादं झाड वाहून येऊन त्याच्या तोंडावर बसलं. न्हाईतर..."

तिसरं, पाणीच डोळ्यापर्यंत चढलं असेल हे, त्यानं तोंडातून काढलं नाही. 

"मग बोर्डावर एकतीस कसा?" त्यानं विचारलं, आणि विचारताक्षणीच त्याचं त्यालाच आठवलं.

यंत्राच्या पोटातला आकडा बोर्डाला जसाच्या तसा चालत नाही. त्याचे अंक सुटे करून, अक्षरांसारखे एकापुढं एक मांडून द्यावे लागतात. ते काम करणारी प्रोग्राममध्ये एक ओळ असते. तिला आकडा द्यायचा आणि जागा दाखवायची. ती अंक मांडते आणि परत येऊन सांगते, जमलं किंवा नाही जमलं. बोर्डावर जागा तीन अंकांची. पाच अंकी आकडा तीन घरांत कसा बसणार? मग ती ओळ काहीही न लिहिता माघारी येते आणि 'बसत नाही' असं सांगते. इमानदारीनं सांगते. फक्त ऐकणारं कुणीतरी हवं.

योगितानं आधी ऐकलं होतं. 'बसत नाही' असं उत्तर आलं की बोर्डावर तीन आडव्या रेघा याव्यात, असं तिनं लिहून ठेवलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी सरपंचांनी नारळ फोडला, दगडाबाईनं लेकीच्या बोर्डाच्या खांबाला हळदकुंकू लावलं, सोमेश्वरनं बटण दाबलं, आणि डोळ्याची एक तार ढिली राहिल्यामुळं भर गर्दीत बोर्डावर आल्या त्या तीन रेघा. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शहादेव धनगर मोठ्यानं म्हणाला, "आप्पाराव, लेकीचा बोर्ड तोंडात गुळणी धरून बसला की!" आणि सगळी वाडी हसली.

आप्पाराव हसले नाहीत. त्यांनी फेटा काढला, झटकला आणि पुन्हा बांधला. "आमच्या योगिताला सगळं म्हाईत हाय," हे त्यांचं वाडीभर सांगायचं वाक्य. मेंढीचं पोट फुगलं तरी, आधारकार्डावरचं नाव चुकलं तरी, लोक योगिताला विचारायचे आणि तीही काहीतरी उत्तर द्यायचीच. इतकी वर्षं तिनं त्या घरात 'माहीत नाही' हे शब्द काढले नव्हते. काढायची हिंमत झाली नव्हती म्हटलं तरी चालेल.

"त्या रेघा काढून टाक," परत येताना सोमेश्वर म्हणाला होता. "झाकली मूठ सव्वा लाखाची. डोळा चुकला तर जुना आकडा तसाच ऱ्हाऊ दे. थोड्या वेळानं येतोच की ताळ्यावर." आणि तिनं त्या रेघा काढल्या. 'बसत नाही' हे उत्तर येतच राहिलं. ते ऐकणं तेवढं बंद झालं.

"मी इथून आकडा बदलते," योगिता म्हणाली. बोर्डाला हुकूम सोडायचा, नऊशे नव्व्याण्णव दाखव. खोटा तर खोटा, पण आप्पा निघतील. तिनं हुकूम सोडला आणि या वेळी उत्तराकडं डोळे फाडून पाहत राहिली.

पोचलं नाही.

पुन्हा सोडला. पोचलं नाही. बोर्डातल्या सिमकार्डाचा टॉवर आत्ताच पावसानं मान टाकून पडला होता. ती तेच बटण दाबत राहिली आणि तेच उत्तर येत राहिलं, तेव्हा सोमेश्वरनं तिच्या हातावर हात ठेवला.

"फोन लाव घरी."

आप्पारावांच्या फोनला बेटावर कधीच रेंज नसायची. तिनं आईला लावला, तिचं सिम दुसऱ्या कंपनीचं होतं. वाजत राहिला.

"हां, बोल योगे," दगडाबाईचा आवाज आला, मागं तव्याचा आवाज.

"माय, आप्पा कुठं हायत?"

"कुठं आसणार? बेटावर. कावून?"

"पाणी किती हाय?"

"मी भाकरी टाकायलेय बाई, मला काय दिसतंय? बोर्डावर एकतीस हाय म्हनं. आत्ताच लखनची माय सांगून गेली."

"माय, बोर्ड खोटं बोलायलाय."

पलीकडं तव्याचा आवाज चालू होता. मग तोही थांबला.

"आपला बोर्ड?" दगडाबाई म्हणाली.

"आपलाच. पळ माय, आप्पाला भाईर काढ. हाका मार."

"त्यान्ला हाका ऐकू येतेत व्हय तितक्या लांब? शहादेव मगाच आला त्याची मेंढरं घेऊन. पाणी गढूळ यायलंय, चला म्हनला त्यान्ला. तर म्हनले, एकतीस हाय, लेकीचा बोर्ड हाय, चाळीस होऊ दे मग बघू." तिचा आवाज बारीक झाला. "आता वो कसं करावं, बाई?"

बोर्डाची पेटी खांबावर उंच, कुलूप लावलेली. किल्ली इथं सोमेश्वरच्या खिळ्याला लटकलेली योगिताला समोर दिसत होती.

"माय, ऐक. दगड घे आन् फोड बोर्ड."

"आं?"

"फोड म्हनते ना! आकडा दिसला न्हाई पायजे त्यान्ला. तो आकडा दिसायलाय तवर ते उठायचे न्हाईत!"

"तुज्या बोर्डावर दगूड घालू?" एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला. त्यानंतर फोनमधली बाई मराठीत आणि मग इंग्रजीत तेच तेच सांगत राहिली.

जीप भरायची वाट बघायला वेळ नव्हता. सोमेश्वरनं मोटारसायकल काढली. केजच्या वेशीबाहेर पडले तसा पाऊस जाड झाला, थेंब गालांवर टोचायला लागले. योगिता मागं बसून एका हातानं त्याचा रेनकोट धरून होती आणि दुसऱ्या हातानं फोन छातीशी दाबून. तिला भीती वाटत होती. तशी ती भित्री नव्हती. कॉलेजला असताना शेवटची एस्टी चुकली तर अंधारात एकटी चालत आलेली पोरगी. पण ही भीती वेगळीच होती. आप्पा तिकडं वाट बघतायत आणि ज्याची वाट बघतायत तो चाळीस कधीच येणार नाही, हे तिला एकटीला ठाऊक होतं. नदी पुलावरून गेली असती तरी बोर्ड एकतीसच म्हणत राहिला असता.

पहिल्या नाल्यावर लाल पाणी रस्त्याला टेकलं होतं. सोमेश्वरनं पाय सोडून गाडी पार केली. पलीकडं एक म्हातारा डोक्यावर खताची पिशवी घेऊन बैलं हाकत येत होता.

"तिकडं कुठं निघालाव?" तो ओरडला. "नदी आलीय म्हनं खाली!"

सोमेश्वरनं गाडी थांबवली नाही. थोडं पुढं गेल्यावर तो मान न वळवता म्हणाला, "योगिता, मीच म्हनलतो तुला. रेघा काढ म्हनून."

"लिहिलं तर मीच ना," ती म्हणाली.

तिनं आईला पुन्हा पुन्हा फोन लावला. लागला नाही. माय काठावर पोचली की नाही, दगड उचलला की नाही, तो लागला की नाही, यातलं काहीच परत येऊन तिला कुणी सांगत नव्हतं. तिनं बिरोबाला काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण नवस करायचा तर द्यायचं काय हेच सुचेना.

वाडीच्या वळणावरून नदीचा आवाज आला. लहानपणापासून ऐकलेला आवाज नव्हता तो. जमिनीतून, पायांतून चढत येत होता. देवळाकडं उतरणाऱ्या वाटेवर चिखल झाला होता. योगितानं गाडी थांबायच्या आधीच उडी टाकली आणि धावत खाली निघाली.

बोर्डावर एकतीस नव्हता. बोर्ड काळा होता.

क्षणभर तिला वाटलं, मायनं फोडला. पुढं गेल्यावर दिसलं, खांबावरून खाली एक घोंगडं लोंबत होतं. देवाचं घोंगडं. जत्रेला बिरोबाच्या बैठकीसाठी अंथरायचं ते. एरवी त्याला कुणी पायसुद्धा लावत नाही. ते बोर्डावर टाकलेलं, एक टोक खांबाच्या लोखंडी कानाला बांधलेलं, पावसानं भिजून जड झालेलं. खाली देवळाच्या कट्ट्यावर दगडाबाई बसली होती. तिचं लुगडं कमरेपर्यंत चिखलानं भरलं होतं आणि दोन्ही कोपरं सोललेली होती.

नदीत बेट नव्हतं. इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत सगळं एकच लाल पाणी, आणि त्यातून एक बाभळ मुळं वर करून जात होती.

"आप्पा?" योगिता म्हणाली. "माय, आप्पा कुठंयत?"

दगडाबाईनं नुसती मान वळवली. देवळाच्या मागच्या अंगाला, छपराखाली मेंढरं एकमेकींत डोकी खुपसून उभी होती आणि त्यांच्या मधोमध भिंतीला टेकून आप्पाराव बसले होते. मांडीवर एक कोकरू. उजव्या हातात अजून जुन्या एडक्याचं शिंग घट्ट धरलेलं, आणि एडकाही बिचारा ते सोडवून घेत नव्हता.

योगिता त्यांच्या पायाशी चिखलात बसली. ती रडायला लागली आणि मग तिला थांबता येईना. आप्पारावांनी शिंग सोडलं, हात पुढं करून तिचं डोकं चाचपलं.

"कोन, योगिता? कावून रडायलीस? हाय की मी."

शहादेव बाजूला गोणपाट पांघरून उभा होता. त्यानं योगिताला बसायला एक फळी सरकवून दिली.

"दगूड उचललता म्यां," दगडाबाई कट्ट्यावरून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "दोनदा उचलला. हातच उठंना. सकाळीच कुंकू लावलतं म्यां त्याला. मग देवाचं घोंगडं घेतलं न् चढले. देव काय म्हनंल ते म्हनंल."

"पडली असतीस माय."

"पडलेच की."

आप्पाराव कोकराच्या अंगावरून हात फिरवत होते. ते सांगायला लागले, हळू, जसं दुसऱ्याचं सांगावं तसं.

"म्या बोर्डाकडंच बघत हुतो. एकतीस. शहादेव गेला तरी म्हनलं आपल्याला आकडा हाय. पानी घोट्याला लागलं तवाबी म्हनलं, बोर्डावर तर एकतीसच हाय, मलाच वाटायलंय. आन् मग आकडा गेला. योकदम गेला बघ." त्यांनी डोळे चोळले. "मला वाटलं माजे डोळेच गेले."

योगितानं वर पाहिलं.

"बोर्ड कधी गप बसत न्हाई की तुजा. तवा बोर्ड गेला आसंल हे ध्यानातच आलं न्हाई. म्हनलं, झालं. आता पुरता आंधळा झालो. लई भ्यालो गं. जन्मात आसं भ्यालो न्हाई. आंधळ्या मानसानं नदीत काय करावं? एडक्याचं शिंग धरलं न् म्हनलं चल बाबा, तुला दिसतंय तिकडं चल. कंबरंइतकं हुतं धारंला. हिकडं पाय टेकला न् मागून मोठा आवाज झाला."

"समदी आली?" सोमेश्वरनं विचारलं. तो छपराच्या कडेला, पावसातच उभा होता.

"मागं ऱ्हायलेली गेली," आप्पाराव म्हणाले. "या कोकराची माय गेली."

कोकरानं त्यांच्या बोटाला तोंड लावलं आणि चोखायला लागलं. त्यांनी बोट काढून घेतलं नाही.

"तुजी माय म्हनती बोर्ड खोटं बोलायलता," थोड्या वेळानं ते म्हणाले. "म्या म्हनलं, आसं न्हाई व्हायचं. योगितानं केल्याला हाय."

"खोटंच बोलत होता आप्पा. दुपारपासून डोळ्याला दिसत नव्हतं. तरी जुनाच आकडा दाखवत होता. तसं मीच करून ठेवलं होतं."

आप्पाराव तिच्या दिशेनं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांवर छपराखालचा फिकट उजेड पडला होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण त्यांनी नुसती मान हलवली, एखाद्या शेजाऱ्यानं अवघड निरोप आणावा आणि तो आपण ऐकून घ्यावा तशी.

एव्हाना वाडीतले लोक छपराखाली गोळा झाले होते. नदीकडेच्या गल्लीतली माणसंही कामं टाकून आली होती. बाया डोक्यावर पोती घेऊन, पोरांना काखेत मारून. सगळे योगिताकडं बघत होते. ती केजहून आली होती, तिच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग होती, बोर्ड तिचा होता.

"मग आता किती हाय खरं पानी?" आप्पारावांनी विचारलं. "आनखी किती वाढंल? हितं बसावं का हलावं?"

योगितानं नदीकडं पाहिलं. पाऊस, लाल पाणी, पलीकडं काही नाही. पूल इथून दिसत नव्हता. सोमेश्वर तिच्या जवळ सरकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुटपुटला, "सांग काहीतरी. लोकं घाबरलेत. एवढ्यात उतरंल म्हन."

तिलाही ते म्हणावंसं वाटलं. देऊळ उंचावर आहे. वाडीत कुणाच्या आठवणीत इथवर पाणी आलेलं नाही. एवढ्यात उतरेल. शब्द जिभेवर तयार होते, आणि ते ऐकायला सगळी वाडी तयार होती. आप्पा तर सगळ्यांत आधी मान डोलावून म्हणणार होते, बघा, सांगितलं का न्हाई.

"म्हाईत न्हाई, आप्पा," ती म्हणाली.

"आं?"

"मला म्हाईत न्हाई." या वेळी ती मोठ्यानं बोलली, मागच्या बायांपर्यंत जाईल एवढं. "डोळा बंद हाय. पाणी किती हाय, किती वाढंल, कधी उतरंल, मला काहीबी म्हाईत न्हाई."

छपरावर पाऊस वाजत राहिला. शहादेवनं आप्पारावांकडं पाहिलं. योगिताला वाटलं, आता हसतील. एक जण तरी हसणारच.

आप्पारावांनी कोकरू खांद्यावर घेतलं. भिंतीला हात लावत ते उठले.

"म्हाईत न्हाई म्हनती ती," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य वाडीनं पहिल्यांदा ऐकलं. "मग आपुन हितं कावून थांबलाव? चला वर. शाळेकडं चला."

कुणी हसलं नाही. शहादेवनं हाकाटी दिली आणि मेंढरं हलली. बाया घरांकडं पळाल्या. गल्लीतून म्हातारी माणसं, गॅसच्या टाक्या, शेळ्या, देव्हाऱ्यातले घट बाहेर निघाले. सोमेश्वरनं एका म्हातारीला मोटारसायकलवर बसवलं, तिला पोचवून पुन्हा खाली आला आणि पुन्हा गेला. योगितानं आप्पांचा हात धरला होता. चढणीवर त्यांना दगड दिसत नव्हते, ती सांगत होती, इथं पाय, इथं निसरडं हाय, आणि जिथं तिलाही पाण्याखालचं दिसत नव्हतं तिथं ती सांगत होती, इथलं म्हाईत न्हाई आप्पा, जपून. ते तिथं जपून पाय टाकत होते.

शाळेच्या ओट्यावर पोचल्यावर दगडाबाईला घोंगड्याची आठवण झाली.

"देवाचं घोंगडं तसंच ऱ्हायलं की," ती म्हणाली. "भिजंल. आनू का जाऊन?"

"ऱ्हाऊ दे," आप्पाराव म्हणाले.

तिथून, उरलेल्या उजेडात, खालचं देऊळ आणि घोंगडं पांघरलेला बोर्ड दिसत होता. योगिता बघत उभी होती. नदीकडच्या गल्लीतली शेवटची भिंत आधी बसली, आवाज न करता. मग पाणी देवळाच्या पायऱ्या चढलं, कट्ट्यावर गेलं, आणि छपराखाली जिथं ती सगळी उभी होती तिथवर पोचलं तेव्हा तिथं कुणीच नव्हतं.